ऊब कुठून येते?

मुंबईत थंडी पडत नाही; थंडीच्या बातम्या येतात. डिसेंबर संपता संपता पारा पंधरा-सोळा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर ‘मुंबई गारठली’ असे छापून येते आणि कपाटाच्या तळाशी वर्षभर पडून असलेला स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर निघतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश सेल्सिअस, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे या शहरात तेव्हा नुकत्या जन्मलेल्या मुलाने आता साठी ओलांडली, तरी त्याहून कडक थंडी त्याला घरबसल्या अनुभवता आलेली नाही.

अशा शहरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला आपण शिकवतो की, ध्रुवीय अस्वल बर्फात राहते, त्याच्या अंगावर दाट केस असतात, त्या केसांमुळे त्याला ऊब मिळते. मूल ते पाठ करते. ‘अस्वलाला ऊब कशामुळे मिळते?’ या प्रश्नाला ‘केसांमुळे’ असे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवते. पालक खूश, बाई खूश. माझी तक्रार इतकीच की, या व्यवहारात मुलाला काहीही कळलेले नसते. आणि न कळता गुण मिळवता येतात हे मात्र त्याला पहिलीतच कळलेले असते. हे दुसरे शिक्षण फार पक्के होते. पुढची पंधरा वर्षे ते पुसले जात नाही.

परळ-लालबागच्या मुलांना मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. त्या अनुभवातून एक साधा प्रयोग सुचवतो. बर्फाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्यावेत. एक ताटलीत उघडा ठेवावा, दुसरा लोकरीच्या मफलरमध्ये नीट गुंडाळावा आणि मुलांना विचारावे, आधी कुठला वितळेल? बहुतेक सगळा वर्ग एका सुरात सांगतो, मफलरमधला. का? तर मफलर गरम असतो! पंधरा-वीस मिनिटांनी मफलर सोडला की आतला तुकडा चांगला शाबूत असतो आणि ताटलीतल्याचे पाणी पाणी झालेले असते. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती मला कुठल्याही पाठांतरापेक्षा मोलाची वाटते. कारण त्या शांततेत मुलांच्या डोक्यात एक घट्ट समजूत मोडत असते. मफलर गरम नसतो. तो फक्त पहारेकरी आहे. आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही. आत माणूस असला तर माणूस गरम राहतो, आत बर्फ असला तर बर्फ गार राहतो.

आता अस्वलाकडे वळावे. ऊब केसांची नाही, अस्वलाची स्वतःची आहे. त्याने खाल्लेल्या सीलच्या मांसाची, चरबीची ती उष्णता आहे. शरीराच्या भट्टीत ती तयार झाली. केसांचे काम ती राखण्याचे. हे एकदा उमगले की मुले आपण होऊन पुढचा प्रश्न विचारतात: मग अस्वलाला खायला मिळाले नाही तर? ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे, सीलची शिकार करायला अस्वलाला बर्फ उरत नाही, ही आजची चिंता सात वर्षांच्या मुलाला समजावायला मग वेगळे भाषण लागत नाही. तो प्रश्न त्यानेच विचारलेला असतो.

‘पण आमच्या मुलांनी बर्फच कुठे पाहिलाय?’ असे शिक्षक म्हणतात. मला या वाक्याचे नेहमी नवल वाटते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या मुलाइतका बर्फ फार कमी मुलांनी पाहिला असेल. ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटे बर्फाच्या लाद्या फुटत असतात. मासळीबाजारात कोळणीच्या टोपलीत पापलेटाखाली बर्फ असतो. शाळेबाहेर गोळेवाला बर्फ किसत असतो, आणि त्याच्या गाडीवरची लादी गोणपाटाखाली झाकलेली असते; पूर्वी तर ती लाकडाच्या भुशात पुरलेली असे. भर मे महिन्यात, रस्त्यावर, उन्हात! गोणपाट आणि भुसा म्हणजेच अस्वलाची फर. फक्त एकीकडे ती आतली उष्णता जपते, दुसरीकडे बाहेरची उष्णता अडवते. ज्या गोळेवाल्याला शाळेच्या फाटकापासून हाकलण्यासाठी आपण पत्रके काढतो, त्याच्या गाडीवर उष्णतावहनाचा अख्खा धडा मांडलेला असतो.

या धड्याला इतिहासही आहे, आणि तो आपल्याच शहराचा. १८३३ साली बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचे बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला आले. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला हा बर्फ. सुमारे १८० टन निघाला होता. चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून सुमारे १०० टन शिल्लक राहिला. बर्फाभोवती उष्णता अडवणारा जाड थर होता, बाकी यंत्र काही नव्हते. पुढे मुंबईतही हा अमेरिकन बर्फ उतरू लागला आणि फोर्टात त्याच्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. लाकडाचा भुसा इतके करू शकतो, तर यॉकचे केस काय करत असतील याचा अंदाज मुलांना बांधता येतो.

भुसा, लोकर, पिसे, कापूस या सगळ्यांत एकच गुपित आहे, आणि ते गुपित गिरणगावातल्या जुन्या माणसांना पिंजारी शिकवून गेला होता. धनुकलीची तार वाजवत चाळीत तो आला की दडपून दगड झालेली गादी उसवली जायची. कापूस पिंजून पुन्हा भरला की तीच गादी फुगून दुप्पट व्हायची आणि हिवाळ्यात उबदार लागायची. कापूस तेवढाच होता. वाढली होती ती कापसात अडकलेली हवा. हवा जागच्या जागी अडकवून ठेवली की उष्णतेला तिच्यातून जायला फार कष्ट पडतात. पशूपक्षी थंडीत स्वतःचेच पिंजारी होतात. जानेवारीच्या पहाटे खिडकीच्या गजावर बसलेले कबुतर पाहावे; एरवीपेक्षा दीडपट दिसते. ते लठ्ठ झालेले नसते, त्याने पिसे फुलवून आत हवा भरून घेतलेली असते.

आपल्या अंगावर थंडीने काटा येतो, तोही याच युक्तीचा उरलेला अवशेष आहे. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू केस उभे करतात. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते तेव्हा त्याचा उपयोग होता. आता केस गेले, काटा राहिला. मराठी भाषेने हे सारे आधीच टिपून ठेवले आहे. आपल्याला थंडी ‘वाजते’, हुडहुडी ‘भरते’, अंगावर काटा ‘येतो’. हुडहुडी म्हणजे तरी काय? स्नायू भराभर आकुंचन पावून उष्णता निर्माण करतात, ती शरीराची आणीबाणीची भट्टी. आणि ‘ऊब’ हा शब्द पाहा. गरम तवा असतो, उष्ण वारा असतो. पण ऊब ही जिवंत अंगाची. तिच्यावरूनच ‘उबवणे’ आले. कोंबडी अंडी तापवत नाही, उबवते. आज आपली मुले हा विषय इंग्रजी शाळांतल्या छापील कागदांवर रिकाम्या जागा भरून शिकतात. तिथे ‘वॉर्म’ या एका शब्दात स्वेटरही असतो, चहाही असतो आणि अस्वलही. घरात ज्या भाषेत हा फरक आयताच मिळतो, ती भाषा वर्गाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावणे हा मला मुलांवरचा अन्याय वाटतो. इंग्रजी जरूर शिकवा, पण ऊब मराठीत समजू द्या.

मुंबईच्या मुलाला थंडी ठाऊक नसते, हेही खरे नाही. त्याची थंडी जानेवारीत नसते, जुलैत असते. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून शाळेत आलेले, निथळत्या गणवेशात पंख्याखाली बसलेले मूल दातांवर दात आपटत असते, आणि बाहेर तापमान असते सव्वीस अंश! त्याला विचारावे, कोरडा असताना याच तापमानात तुला घाम येतो, मग आता कुडकुडतोस का? पाण्याने कपड्यांतली हवा हाकलली, आणि ते पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन चालले, हे उत्तर शिक्षकाच्या थोड्या मदतीने वर्ग शोधून काढतो. मग समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांची अडचण आपसूक कळते. व्हेल माशासारखा दिसत असला तरी आपल्यासारखाच सस्तन, गरम रक्ताचा. पाण्यात केस काय कामाचे? म्हणून त्याने कातडीखाली चरबीचा कोट शिवला. आर्क्टिकमधल्या काही व्हेलमध्ये हा थर फूटभरापेक्षा जाड असतो. ध्रुवीय अस्वल जमिनीवरही हिंडते आणि पाण्यातही पोहते, म्हणून त्याने केस आणि चरबी दोन्ही ठेवले. चरबीचा प्रयोग वर्गात करता येतो. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरावे, त्यात दुसरी पिशवी घालावी आणि त्या आतल्या पिशवीत हात घालून तो बर्फाच्या पाण्यात बुडवावा. दुसरा हात नुसत्याच पिशवीत. कुठला हात आधी बाहेर येतो हे सांगायला नको.

मोठे शरीर थंडीत का टिकते, हे समजवायला गिरगावातल्या कुठल्याही घरातली कपबशी पुरे. बशीत ओतलेला चहा निवतो, किटलीतला गरम राहतो. चहा तोच, पण बशीत तो पसरला, हवेला भिडला. जितका पसारा जास्त, तितकी उष्णता लवकर जाते. म्हणून आर्क्टिक कोल्ह्याचे कान इवलेसे आणि अंग गुटगुटीत, तर वाळवंटातल्या कोल्ह्याचे कान सुपाएवढे. आपल्या हत्तीचे कान म्हणजे दोन बशाच!

आता पेंग्विनांकडे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, या सगळ्या परिसरातल्या मुलांची हक्काची जागा. तिथे जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. मार्च २०१७ पासून त्यांचे दालन लोकांना खुले झाले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिले पिल्लू जन्मले. ते थोडेच दिवस जगले. पुढे मात्र तिथे पिल्ले वाढली. या पेंग्विनांवरून शहरात भांडणे झाली, प्रकरण न्यायालयात गेले, खर्चाचे आकडे छापून आले. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एका प्रश्नाला हात घातला नाही: काचेपलीकडे उभ्या असलेल्या मुलाला यातून काय शिकवायचे?

त्या दालनात सोळा-अठरा अंशांचा गारवा राखतात. बाहेर घामाने डबडबलेली रांग, आत वातानुकूलित पक्षी. मुले बाहेर पडतात ती एकच ज्ञान घेऊन: पेंग्विन बर्फात राहतो, म्हणून त्याला एसी लागतो. हे अर्धेच खरे, आणि त्यातला ‘बर्फात’ हा भाग तर साफ खोटा. हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहत नाही. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. त्या किनाऱ्याच्या पाठीशी जगातले एक अतिशय कोरडे वाळवंट आहे आणि पुढ्यात दक्षिणेकडून येणारा थंड सागरी प्रवाह. पाण्यात शिरला की थंडी, खडकावर आला की ऊन. म्हणून त्याला दोन्ही सोयी कराव्या लागल्या: थंडीसाठी घट्ट, तेल लावलेली पिसे आणि उन्हासाठी चोचीच्या मुळाशी पिसे नसलेली गुलाबी कातडी, जिथून जादा उष्णता बाहेर सोडता येते. ती गुलाबी कातडी काचेतून स्पष्ट दिसते. ‘याच्या तोंडावर पिसे का नाहीत?’ एवढे विचारणारा कोणी मुलांबरोबर हवा. फलकावर कितीही लिहिले तरी फलक वाचण्यासाठी सहा वर्षांचे मूल थांबत नाही.

खरा बर्फातला पेंग्विन अंटार्क्टिकाचा, एम्परर. त्याची गोष्ट मुलांना सांगावीच. मादी एक अंडे घालते आणि समुद्राकडे जाते. नर ते अंडे पायांवर घेतो, पोटाच्या कातडीच्या घडीने झाकतो आणि ऐन हिवाळ्यात, उणे चाळीस अंशांपर्यंतच्या थंडीत, दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहतो. हे उबवणे! शेकडो नर एकमेकांना चिकटून दाटीवाटीने उभे असतात. कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात. त्या गर्दीच्या पोटात तापमान कधी कधी पस्तीस अंशांच्याही वर जाते. दादरला गाडीत चढणाऱ्या मुलाला गर्दीची ऊब वेगळी समजवावी लागत नाही. आपल्याकडे फक्त दारातल्याला आपण होऊन आत घेण्याची पद्धत पेंग्विनांइतकी रुळलेली नाही.

आणि त्याचे पाय? बर्फावर उभे असलेले, पिसे नसलेले पाय गोठत कसे नाहीत? हे मुले हमखास विचारतात. चाळीच्या जिन्यात कामावर निघालेला बाप शाळेतून येणाऱ्या पोराच्या हातात घराची किल्ली देतो, तसे हे आहे. पायांकडे निघालेले गरम रक्त, पायांकडून परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच आपली उष्णता देऊन टाकते. दोन्ही रक्तवाहिन्या लगटून असतात म्हणून हे जमते. घरची संपत्ती घरात राहते. पायांना गोठू नये इतकाच वाटा मिळतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वर्गात पन्नास मुले, पोर्शन संपवायचा, हे सगळे करायला वेळ कुठे? खरे आहे. शिक्षकाला जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला जुंपून वर प्रयोग का करत नाही म्हणून विचारणे शोभत नाही. पण मफलर आणि बर्फाच्या प्रयोगाला अर्धा तास लागतो आणि खर्च गोळ्याच्या एका कांडीइतका. पाठ करून घ्यायला, मग ते विसरल्यावर पुन्हा करून घ्यायला किती तास लागतात, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांना सगळे जवळचेच दाखवायचे, तर दूरच्या जगाची ओढ कशी लागेल? बर्फाचा प्रदेश हा बर्फाच्या प्रदेशासारखाच अद्भुत राहू द्या की! मला हे अद्भुत हवेच आहे. पण गोळेवाल्याच्या भुशातून अस्वलाकडे गेलेले मूल अस्वलाला अधिक दाद देते, असे मी पाहिले आहे. तारा चमकतो एवढेच पाहणारा आणि तो का चमकतो हे जाणणारा, यांत जास्त वेळ आकाशाकडे कोण पाहतो?

हा विचार नवा नाही, आणि परदेशातून आणावा लागणारा तर नाहीच. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने उभी केली. पुढे आपण प्राथमिक वर्गांतल्या विषयाला ‘परिसर अभ्यास’ असे सुंदर नाव दिले, आणि अभ्यास मात्र पुस्तकातल्या चित्राचा ठेवला. त्या चित्रात पुष्कळदा पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल शेजारी शेजारी उभे असतात. एक दक्षिणेचा, दुसरे उत्तरेचे; मोकळ्या निसर्गात त्यांची गाठ पडत नाही.

परिसर तर रोज नवे धडे पुरवतो आहे. परळला हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात. त्यांच्या मूळ मुलखाला लागून असलेल्या लडाखच्या चांगथांग पठारावर पश्मिना देणारी शेळी राहते. तिथल्या थंडीवर उपाय म्हणून तिने बाहेरच्या राठ केसांखाली अत्यंत तलम असा दुसरा थर वाढवला, आणि वसंतात तो गळू लागला की माणूस तो विंचरून घेतो. शिवाजी पार्कला संध्याकाळी फिरायला आणलेला सायबेरियन हस्की दिसतो. दुहेरी कोट अंगावर, जीभ हातभर बाहेर, चालणे नको झालेले. बर्फात घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्याला मुंबईच्या उकाड्यात पाळणे म्हणजे गोष्ट उलटी वाचणे. अंगावरचा पहारेकरी उतरवता येत नाही, ही त्याची शिक्षा. ज्या मुलाला बर्फ आणि मफलर कळला, ते मूल त्या हस्कीकडे ‘किती क्यूट’ म्हणून पाहणार नाही. ‘याला त्रास होत असेल,’ असे म्हणेल. विज्ञान शिकवण्याचा माझा हेतू शेवटी तोच आहे: दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहता यावे.

म्हणून मागणी छोटीच करतो. राणीच्या बागेची सहल काढण्याआधी प्रत्येक शाळेने एक तास बर्फाचा ठेवावा. महापालिकेने पेंग्विनांच्या काचेशी फलकांबरोबर एक बोलका माणूस उभा करावा, जो उत्तरे सांगण्याआधी मुलांना प्रश्न विचारेल. आणि पालकांनी घरी, येत्या थंडीत, गोधडी अंगावर ओढून घेणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे: ही ऊब गोधडीची की तुझी? उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. रात्रभरात त्याला ते सापडेल.